जालपटल वाहिनीचित्रण

डोळ्याच्या जालपटलातील (प्रकाशसंवेदी पडद्यातील) रक्तवाहिन्यांचे चित्र घेण्याचे तंत्र. मधुमेह, नीला-अवरोध इ. विकारांतील उपचारांचा परिणाम त्याने अजमावता येतो.

हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रांतर्दर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे जालपटल वैद्यास दिसू लागले. तथापि त्याची नोंद हाताने काढलेल्या चित्रापुरतीच राही. जॅकमन व वेब्स्टर यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रासाठी अडीच मिनिटे प्रकाशन द्यावे लागले होते.

नोव्होटनी व अल्व्हिस यांनी १९६१ मध्ये शिरेत फ्लुओरेसीन हे रंजकद्रव्य टोचून वाहिन्यांची छायाचित्रे घेतली. वाहिनी कोठे पाझरते व कोठे बुजली आहे, हे त्यांवरून कळू लागले. लेसर-उपचारास याचा मोठा आधार मिळाला. परंतु या तपासणीत मळमळ होते व क्वचित तीव्र अधिहर्षताही (ॲलर्जीही) उद्‌भवते. त्यामुळे दर भेटीस ती करणे व्यवहार्य नव्हते.

ही अडचण प्रकाशीय कलासंबद्ध छेददर्शनाने (ओसीटीने) दूर केली. श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीऐवजी येथे परावर्तित अवरक्त प्रकाश वापरतात. डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले. आरंभीच्या प्रतिमा शरीराबाहेर काढलेल्या डोळ्यांच्या होत्या. १९९३ मध्ये जिवंत डोळ्याच्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. छेदातील थर सु. १० मायक्रोमीटर सूक्ष्मतेने वेगळे दिसत. या तंत्राचे खरे महत्त्व मात्र स्पष्टतेपेक्षा पुनरावृत्तीत आहे. सुई न टोचता तीच जागा पुनःपुन्हा मोजता येते. २००५ पासून वाहिनीवृद्धिरोधक औषधे डोळ्यात टोचण्याची पद्धती रूढ झाली, तेव्हा पुढील इंजेक्शन कधी द्यावे हे पीतबिंदूच्या जाडीवरून ठरविणे शक्य झाले. अर्थात सूज उतरली म्हणजे दृष्टी परत आलीच असे नव्हे. प्रकाशग्राही कोशिका नष्ट झाल्या असल्यास जाडी कमी होऊनही रुग्णास दिसत नाही.

एकाच जागेच्या लागोपाठच्या छेदांतील फरकावरून वाहत्या रक्तपेशी ओळखणारे वाहिनीदर्शन २०१२ नंतर पुढे आले. त्यात केशवाहिन्यांचे जाळे रंजकाशिवाय दिसते. पाझर मात्र दिसत नाही. म्हणून फ्लुओरेसीन-तपासणी अद्याप मागे पडलेली नाही.

मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत २०१८ मध्ये मोबाइल फोनवरील कॅमेरा व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने २१३ मधुमेहींची तपासणी करण्यात आली. तज्ज्ञाकडे पाठविणे आवश्यक असलेला एकही रुग्ण तीत सुटला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. ही सोय प्राथमिक चाळणीची होय. सपाट रंगीत छायाचित्रात सुजेची जाडी मोजता येत नसल्याने, इंजेक्शने सुरू असलेल्या रुग्णास छेददर्शनच करावे लागते.