विलायती काडतूस : पाखरांच्या शिकारीपासून चकतीच्या नेमापर्यंत

बंदुकीच्या परिभाषेतील बरेचसे मराठी शब्द बाहेरून आलेले आहेत. 'बंदूक' अरबीतून आणि 'दारू' फारसीतून आली. 'काडतूस' हा शब्द उर्दूतील 'कारतूस'प्रमाणेच पोर्तुगीजांशी आलेल्या संपर्काची खूण सांगतो. शब्द भाषेत मुरले, परंतु छऱ्यांचे चांगले काडतूस ही वस्तू मात्र दीर्घकाळ विलायतीच राहिली. संस्थानिकांचे शिकारखाने असोत वा आजची नेमबाजीची मैदाने, 'बाहेरचे काडतूस' या शब्दांना एक वजन आहे. हे वजन केवळ नावाचे होते की गुणाचे, आणि गुणाचे असल्यास तो गुण कोणता, याचा विचार येथे केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बंदूक नळीच्या तोंडाकडून भरली जाई. दारू, मधला गट्टा आणि छरे प्रत्येक जण आपल्या हाताने मोजून घाली. त्यामुळे एक बार दुसऱ्यासारखा असेलच याची खात्री नसे. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये लफोशो याने मागून भरण्याची बंदूक व तिचे काडतूस पुढे आणले. १८६१ मध्ये लंडनच्या डॉ या बंदूक-व्यावसायिकाने मध्यभागी टोपी असलेले काडतूस इंग्लंडमध्ये रूढ केले. टोपी, दारू, गट्टा आणि छरे एकाच पुंगळीत बंद झाले आणि बार भरण्याचे काम शिकाऱ्याच्या हातातून कारखान्याकडे जाऊ लागले. लंडनची इली (स्थापना १८२८) आणि बर्मिंगहॅमची कायनॉक (१८६२) ही दोन नावे साम्राज्यभर पसरली. १९१८ मध्ये दोन्ही एका व्यवसायसमूहात आल्या आणि १९२६ मध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा भाग झाल्या.

याच काळात काडतुसाची परीक्षाही शास्त्रशुद्ध झाली. १८७५ मध्ये लंडनच्या 'द फील्ड' या नियतकालिकाने घेतलेल्या चाचण्यांत तोंडाशी किंचित आवळलेल्या नळीचे, म्हणजे 'चोक'चे, श्रेष्ठत्व सिद्ध झाले. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळ आखून त्यात किती छरे पडतात ते मोजायचे, अशी रीत रूढ झाली. पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे सत्तर टक्के, तर सरळ नळीतून सुमारे चाळीस टक्के छरे त्या वर्तुळात पडावेत, असा अंदाज धरला जातो. छरे दाट आणि सारखे पडले तर पक्षी जागीच मरतो. मध्ये रिकाम्या जागा राहिल्या तर तो जखमी होऊन झाडीत वा पाण्यात नाहीसा होतो. काडतुसाची प्रत हा म्हणूनच केवळ शौकाचा प्रश्न नव्हता. निकृष्ट बाराची किंमत पाखराला वेदनेने मोजावी लागत होती.

छऱ्याचा आकार शिकारीप्रमाणे ठरे. इंग्रजी मापाच्या ६ क्रमांकाचे छरे औंसात २७० भरतात, ४ क्रमांकाचे १७०, तर ८ क्रमांकाचे ४५०. पाणलाव्यासारख्या लहान व चपळ पक्ष्यासाठी बारीक छरे घेत, बदकासाठी जाड. हिंदुस्थानात आणखी एक अडचण होती. कागदी पुंगळी पावसाळी हवेत फुगे आणि बंदुकीच्या कोठीत बसेना. पुढे १९६० च्या दशकात प्लॅस्टिकची पुंगळी आल्यावर हा दोष बव्हंशी दूर झाला. एक धोका मात्र आजही आहे. बारा बोअरच्या अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांची कोठी ६५ मिलिमीटरची असते. तीत ७० मिलिमीटरचे काडतूस घातल्यास ते बसते, पण उडताना उलगडणारे तोंड पुढे अडते आणि दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. काडतुसाची प्रत उत्तम असली तरी ते त्या बंदुकीचे असावे लागते.

या उत्तम काडतुसांनी काय घडवले, याची नोंद भरतपूरच्या केवलादेव घना येथील शिलालेखांत आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याच दशकात, १९३१-३२ मध्ये, निजामाच्या शासनाच्या आर्थिक साहाय्याने डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले. संशोधनासाठी नमुने घेणाऱ्यांनाही बंदूक लागे, पण पक्ष्याचे कातडे खराब होऊ नये म्हणून ते अत्यंत बारीक छऱ्यांची काडतुसे पसंत करीत. साधन एकच होते. एकीकडे संख्या हा पराक्रम मानला गेला, तर दुसरीकडे एक नमुना सुस्थितीत मिळणे पुरेसे होते. भरतपूरचे पाणथळ वाचावे म्हणून पुढे सलीम अलींनीच आग्रह धरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर भारतात छंद म्हणून होणाऱ्या शिकारीचा मार्ग बंद झाला.

काडतूस मात्र संपले नाही. त्याचे लक्ष्य बदलले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील जॉर्ज लिगोव्स्की याने १८८० मध्ये जिवंत कबुतराऐवजी उडवायची मातीची चकती तयार केली. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी याच खेळात १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले व ते पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले. रणधीर सिंह यांनी १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ट्रॅप प्रकारात सुवर्ण, तर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक जिंकले.

चकतीच्या खेळात काडतुसाची निवड नियमांनी बांधलेली आहे. छऱ्यांचे वजन २४ ग्रॅम (कमाल २४.५) आणि छऱ्याचा व्यास २.६ मिलिमीटरपर्यंत असावा लागतो. ट्रॅपसाठी साधारण २.४ मिलिमीटरचा छरा घेतला, तर एका बारात सुमारे तीनशे छरे येतात. वजन सर्वांचे सारखे असल्याने फरक उरतो तो एकसारखेपणाचा. शिसे अँटिमनीने पुरेसे कठीण केलेले असावे, म्हणजे नळीतून जाताना छरा चेपत नाही. गट्टा नीट बसावा. आणि पहिल्या व शंभराव्या बाराचा वेग शक्य तितका सारखा असावा. इटलीतील फिओकी (१८७६) यांसारख्या कारखान्यांचा लौकिक या सातत्यावर उभा आहे. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत १२५ चकत्या असतात व प्रत्येकीवर दोन बार टाकता येतात. सरावाचा हिशेब याच्या अनेक पट होतो. देशी उत्पादन आहे. तथापि स्पर्धेत जे काडतूस वापरायचे त्याच्यावरच सराव व्हावा, ही नेमबाजाची खरी गरज असते. आयात परवान्याच्या अधीन असल्याने ज्याला पुरवठा सुकर, त्याचा सराव अधिक, हे ओघाने आले. संस्थानिकांच्या काळापासून हा खेळ मोजक्या घरांत का राहिला, याचे एक कारण येथे सापडते.

शेवटी शिशाचा विचार करावा लागतो. पाणपक्षी खडे समजून छरे गिळतात व विषबाधेने मरतात, हे सिद्ध झाल्यावर अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे बंद केले. युरोपीय संघात पाणथळ भागांसाठी हे बंधन २०२३ पासून लागू झाले. १९३८ च्या त्या दिवशी प्रत्येक पक्ष्यामागे एकच काडतूस आणि त्यात तीस ग्रॅम शिसे धरले, तरी सुमारे १२८ किलो शिसे झाडले गेले असे होते. आणि प्रत्यक्षात एकही बार वाया गेला नसेल, हे संभवत नाही. शिलालेखावर मेलेले पक्षी मोजलेले आहेत. जखमी होऊन गेलेले पक्षी आणि पाण्याच्या तळाशी बसलेले शिसे यांचा आकडा तेथे नाही. काडतुसाची प्रत ठरवताना बार अचूक गेला का, एवढेच पाहून चालत नाही. उडाल्यानंतर मागे काय उरले, हेही विचारावे लागते.