कॉमर्सच्या वर्गातले अर्थशास्त्र

बी.कॉम.ला असताना मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा मी कितीतरी वेळा काढल्या. रेषा जिथे छेदतात तिथे किंमत ठरते, असे लिहिले की गुण मिळत. अब्बा तेव्हा मालेगावात यंत्रमागावर काम करायचे. मजुरी मीटरवर. डाळ-तेल महागले तरी मीटरचा दर महिनोन्‌महिने तोच राही. एकदा मी सरांना विचारले, "या आकृतीत मजूर कुठे असतो?" सर म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही."

का येत नाही, याचे उत्तर मला पुढे इतिहास वाचताना मिळाले.

व्यापाराच्या शिक्षणात अर्थशास्त्र आणण्यात कारखानदारांचाही हात होता. अमेरिकेत जोसेफ व्हार्टन या धातू-उद्योजकाने 1881 साली एक लाख डॉलरच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल काढले. परदेशी मालावर जकात बसवून देशी उद्योगांना संरक्षण द्यावे, हे मत तिथे शिकवले जावे अशी त्याची अपेक्षा होती. तिथल्या पदवी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आजही अर्थशास्त्राचीच पदवी घेऊन बाहेर पडतात.

मुंबईत 1913 साली सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. त्याच्या नावात कॉमर्ससोबत इकॉनॉमिक्सही आहे. 1918 च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या प्राध्यापकाने अध्यापकांच्या माठातले पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी मात्र त्यांची व्याख्याने ऐकायला येत. 1920 च्या मार्चमध्ये राजीनामा देऊन ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. 1923 साली त्यांचा रुपयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपया एक शिलिंग चार पेन्सचा असावा की सहा पेन्सचा, हा वाद होता. चार पेन्सची मागणी उद्योग-व्यापारवाल्यांची होती, कारण रुपया स्वस्त झाला की निर्यातीला फायदा. हा फायदा येतो कुठून, हे बाबासाहेबांनी दाखवले. रुपया उतरला की देशात किमती चढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे मालकाचा नफा परदेशातून येत नाही, तो इथल्याच मजुराच्या खिशातून येतो.

ते वाचताना मला अब्बांचा मीटरचा दर आठवला. वर्गात विचारलेल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर कॉमर्स कॉलेजात शिकवलेल्या एका प्राध्यापकाने माझ्या जन्माआधीच देऊन ठेवले होते. आमच्या अभ्यासक्रमात ते कुठेच नव्हते.

आमच्या मोहल्ल्यातल्या मुली आता बी.कॉम.ला जातात. नोट्स मागायला येतात तेव्हा मी त्यांना दोन्ही रेषा नीट काढायला सांगतो, गुण तर हवेतच. मग विचारतो, भाव वाढला तेव्हा तुझ्या घरातल्या कमावत्या माणसाची मजुरी वाढली का? बहुतेकींना हिशेब तोंडपाठ असतो.