सेवाग्रामच्या झोपडींतील वस्तु

३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्यापासून पांचएक मैलांवरील सेगांव या खेड्यांत राहावयास गेले. मलेरियानें ग्रासलेलें तें गांव. धड रस्ता नाहीं, टपालघर नाहीं. मीराबेन तेथें अगोदरच जाऊन राहिल्या होत्या. जमनालाल बजाज यांचा आधार पाठीशीं असल्यानें प्रशस्त बंगला उठविणें मुळींच अवघड नव्हतें. परंतु गांधीजींनीं अट घातली कीं, निवासावर शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊं नये, आणि सामान व मजूर पंचक्रोशींतलेच असावेत. पुढें मीराबेननीं स्वतःसाठीं बांधलेली झोपडी गांधीजींकडे आली. 'बापू कुटी' म्हणतात ती हीच. माती, बांबू आणि गांवठी कौलें हें तिचें साहित्य. आंत बसावयास चटई, लिहावयास बैठें मेज. शोभा म्हणावी तर मीराबेननीं मातींतूनच भिंतीवर उठविलेलीं झाडें आणि चरखा. तिलाहि दमडी पडली नव्हती.

या राहणीचा अर्थ यंत्रद्वेष असा पुष्कळांनीं केला. तो अर्थ उथळ आहे. यंत्रमात्राला आपला विरोध आहे काय, असा प्रश्न १९२४ सालीं गांधीजींना करण्यांत आला. आपलें शरीर हेंच एक नाजूक यंत्र, आणि चरखा हेंहि यंत्रच, असें त्यांचें उत्तर होतें. सिंगरच्या शिवणयंत्राचा तर त्यांनीं उघड अपवाद केला. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगरनें तें घडविलें, अशी त्यांची समजूत होती. कथा खरी असो वा नसो, तिच्यांतून कसोटी कळते: यंत्र कोणाचे श्रम वाचवितें, आणि कोणाची भाकरी हिरावून घेतें?

या कसोटीचें मोजमाप १९२९ सालीं जाहीर झालें. अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस लावलें. चरखा हलका असावा. साध्या झोपडींत हातानें वा पायानें चालावा. एखाद्या स्त्रीला तो आठ तास फारसे श्रम न होतां चालवितां यावा. तेवढ्या वेळांत १६,००० फूट सूत निघावें. किंमत १५० रुपयांच्या आंत असावी, आणि यंत्र वीस वर्षें टिकावें. निष्णात अभियंत्यालाहि घाम फोडणाऱ्या या अटी! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतहि प्रयत्न झाला. बक्षीस मात्र कोणालाच मिळालें नाहीं. यंत्राचा तिटकारा असणाऱ्यांनीं त्या काळीं एक लाख रुपये यंत्रावर लावले असते, हें संभवत नाहीं.

साधेपणाची किंमत मात्र नेहमीं रुपयांतच चुकती होत नाहीं. महादेवभाई देसाई प्रारंभीं वर्ध्याच्या मगनवाडींत राहत आणि कागदपत्रें घेऊन रोज पायीं सेगांवला जात. जाऊन येऊन अकरा मैल, आणि तेंहि वर्ध्याच्या उन्हाळ्यांत! १९४२ च्या ऑगस्टांत आगाखान पॅलेसमध्यें त्यांचें हृदय बंद पडलें, तेव्हां वय अवघें पन्नास होतें. त्या पायपिटीनें त्यांची प्रकृति खालावली, असें निकटवर्ती मानीत. गांधीजींची झोपडी शंभर रुपयांच्या हिशेबांत बसली, पण हे मैल कोणत्या खात्यांत मांडावयाचे?

शिवाय खेडें एकांतांत राहिलेंच नाहीं. देशभरचे पुढारी चिखल तुडवीत तेथें येऊं लागले. विदर्भांतील शेगांवशीं नामसाम्य असल्यानें टपाल चुकूं लागलें, म्हणून १९४० सालीं गांवाचें नांव सेवाग्राम ठेवण्यांत आलें. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं तर गांधीजींशीं तांतडीनें बोलतां यावें म्हणून टेलिफोनच बसवून दिला. जेथें प्रत्येक वस्तूला प्रवेशाचा जाब द्यावा लागे, तेथें ही वस्तु सरकारी गरजेनें शिरली. ती आजहि आश्रमांत पाहावयास मिळते. साप धरून रानांत सोडण्यासाठीं वापरलेला लांकडी चिमटाहि तेथेंच जपून ठेवला आहे.