प्रेमकादंबरीकाराची बाजू

गेल्या हिवाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका कादंबरीच्या प्रकाशनाला गेले होते. लेखिका शाळेत शिकवते आणि पहाटे साडेचार ते सहा लिहिते. पुस्तक चौथे, विषय प्रेमाचा. मनोगत संपवताना ती म्हणाली, “बाहेर टेबलावर पुस्तकं ठेवली आहेत, जाताना बघा.” मग क्षणभर थांबून म्हणाली, “असं सांगणं बरं दिसत नाही, माफ करा.” अध्यक्षीय भाषणात तिला उपदेश मिळाला : “ताईंनी आता गंभीर लेखनाकडे वळावं आणि विक्रीची चिंता सोडून द्यावी. खरं साहित्य वाचकाच्या मागे जात नाही, वाचकच त्याला शोधत येतो.” सभागृहात टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत जाणती, वाचणारी माणसे होती. तशी ती नसती तर मी हे लिहायला बसले नसते.

त्या भाषणामागचे मत एका वक्त्याचे नाही. मराठी साहित्यविचारात ते रुळलेले आहे, आणि ते ज्या ताकदीने मांडले जाते त्याच ताकदीने आधी मांडणे मला भाग आहे. या मताचे म्हणणे असे. प्रेमकथा वाचकाला भोवतालच्या जगापासून दूर नेते. दुष्काळ, जात, कर्ज, उपासमार यांच्याकडे पाठ फिरवायला शिकवते. ती ठरावीक तंत्राने लिहिता येते, म्हणून भराभर लिहिली जाते आणि म्हणूनच उथळ असते. लेखक एकदा का वाचकाच्या दारात जाऊ लागला की तो वाचकाला हवे ते लिहू लागतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे पुस्तक मोठे ठरते. यामागे केवळ आकस नाही. भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या व्यासंगी टीकाकाराने मराठी कादंबरीची वंशावळ मांडताना 1857 च्या ‘यमुनापर्यटन’पासून वास्तवाचा आणि 1861 च्या ‘मुक्तामाले’पासून रंजनाचा प्रवाह वेगळा काढून दाखवला. ही मांडणी अभ्यासातून आलेली आहे. पण मांडणी अभ्यासातून आली म्हणून तिच्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष खरा ठरतो काय?

साक्षीदार मी याच जिल्ह्यातून आणते. नारायण सीताराम फडके यांचा जन्म 4 ऑगस्ट 1894 चा, कर्जतचा. मराठीत प्रेमकादंबरीचे नाव ज्या एका माणसाशी जोडले गेले, तो कर्जतला जन्मला. त्यांच्यावर वरचे तिन्ही आरोप आयुष्यभर झाले आणि मृत्यूनंतरही थांबलेले नाहीत. आरोप टिकत असतील तर ते फडक्यांच्या बाबतीत सर्वांत आधी टिकायला हवेत.

‘भराभर लिहिणे’ हा आरोप साध्या हिशेबाने सुटतो, म्हणून आधी तोच घेते. ‘अल्ला हो अकबर’ ही त्यांची पहिली कादंबरी 1917 ची. मृत्यू 1978 चा. मधली वर्षे एकसष्ट, कादंबऱ्या सत्तरांहून अधिक. म्हणजे वर्षाला एक, क्वचित थोडी जास्त. ज्याला कारखाना म्हणून हिणवले त्याचे उत्पादन ते एवढेच! रोज एक पान लिहिणारा माणूस वर्षअखेर तीनशे पासष्ट पानांशी पोचतो. त्यातली शंभर फाडून टाकली तरी कादंबरी उरते. कथासंग्रह, लघुनिबंध, चरित्रे हे त्याखेरीज, आणि त्यांतली कितीतरी वर्षे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता गेली. याचा अर्थ एकच निघतो : हा माणूस रोज बसत होता. गवई रोज पहाटे षड्ज लावून बसला तर आपण त्याला तपश्चर्या म्हणतो. पहिलवान रोज हजार जोर मारतो, त्याला साधना म्हणतो. कादंबरीकार रोज टेबलाशी बसला की तेवढ्यापुरती ती उथळता कशी होते? नियमितपणाचा पुरावा उथळपणाचा पुरावा म्हणून चालवून घेणे, हे कोणत्या न्यायात बसते?

तंत्राचे तसेच आहे. 1931 साली फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहिले. सुरुवात कुठे करावी, उत्कंठा कशी धरावी, पात्र कसे उभे करावे, गोष्ट कुठे थांबवावी, हे त्यांनी उघड सांगितले. मराठी टीकेने त्यांना याची क्षमा केली नाही. मला मात्र ते त्यांच्या मोठेपणाचे लक्षण वाटते. आपल्याकडे विद्या लपवून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. गुरूने शेवटचा डाव राखून ठेवायचा असतो म्हणतात. या माणसाने डाव फळ्यावर लिहून दाखवले. पुस्तकाचे नावही नीट वाचा. प्रतिभा तंत्राने निर्माण होते, असे ते म्हणत नाही. प्रतिभेलाही साधन लागते, असे म्हणते. तालुक्याच्या गावी राहून, कुणाचाही आधार नसताना लिहू पाहणाऱ्या मुलीला हे वाक्य किती धीर देते, हे मोठ्या शहरातल्या साहित्यवर्तुळात वाढलेल्यांना कदाचित कळणार नाही.

आता पलायनाचा आरोप. यात एक खरा अंश आहे, तो मी आधीच मान्य करते. फडक्यांची पात्रे बहुतेक सुस्थितीतली, शिकलेली, शहरी आहेत. दुष्काळी कर्जत त्यांच्या कादंबरीच्या केंद्रस्थानी आले नाही. जन्मगावाचे हे देणे राहून गेले, याची खंत मलाही आहे. पण दोष कशाचा, हे नेमके ठरवा. लेखकाने निवडलेल्या जगाचा की प्रेम या विषयाचा? श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ 1952 ची. तीही बापू आणि राधा यांच्या प्रेमाचीच गोष्ट आहे. तिथे मोटारी नाहीत, टेनिसची मैदाने नाहीत. कोकणातले एक गाव आहे आणि त्या गावाची जीभ आहे. त्या प्रेमाने गावाची सगळी उतरंड उघडी पडते. प्रेम विषय म्हणून पळपुटे असते तर हे घडलेच नसते.

आणि फडकेसुद्धा सदैव बागेतच बसून राहिले काय? गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात घरे जळली, त्या जाळपोळीवर त्यांनी ‘झंझावात’ लिहिली, तीही 1948 सालीच, राख निवली नव्हती तेव्हा. ‘जेहलम’ काश्मीरच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1927 साली, हिंदुस्थानातील कामजीवनाच्या प्रश्नावर त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला आणि त्याला संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्या ग्रंथातला सुप्रजननाचा विचार आज मला पटत नाही. पण स्त्री-पुरुषसंबंधातून पुढे काय काय उद्भवते, बाळंतपणांची रांग कशी लागते, याची चर्चा करायला ज्या काळात सभ्य माणूस धजत नव्हता त्या काळात हा प्रेमकथालेखक ती उघडपणे करत होता. पळणारा माणूस या वाटेला जात नाही.

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात फडक्यांच्या समोर वि. स. खांडेकर उभे होते. जीवनवादाचा विजय कशाने शिक्कामोर्तब झाला म्हणायचे? ‘ययाति’ने. 1959 ची ती कादंबरी, 1974 चे ज्ञानपीठ. आणि तिचा विषय? वासना, प्रेम, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्यामध्ये फाटलेला एक पुरुष. जीवनवादी छावणीचे सर्वोच्च शिखर जर कामनेच्या पायावर उभे असेल, तर कामनेचा विषय घेणारा आपोआप जीवनाबाहेर जातो, हे प्रमेय राहिले कुठे?

नगरकरांना तर आणखी जवळचा दाखला देते. या मातीतल्या सर्वांत लाडक्या पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ येतात. धर्मांतराचा इतिहास म्हणून त्यांचा अभ्यास होतो, तो व्हावाच. पण 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला, काही वर्षांची ताटातूट झाली आणि ती बाई पुन्हा त्याच माणसाकडे गेली. याला प्रेमकहाणी म्हणायला आपण इतके का कचरतो? आणि गोदावरीच्या पल्याड, शेवगाव तालुक्याच्या समोर, पैठण आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच परिसराच्या सांस्कृतिक वारशात मोडते. महाराष्ट्राच्या भूमीचा सर्वांत जुना काव्यसंग्रह शेताच्या बांधावरच्या, नदीकाठच्या प्रेमाने भरलेला आहे. आपल्या साहित्याची सुरुवातच तिथे होते.

राहिला टेबलाचा प्रश्न, पुस्तक घेऊन लोकांसमोर उभे राहण्याचा. त्या लेखिकेने माफी मागितली ती यासाठी. म्हणून इथे मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

‘खरे साहित्य वाचकाच्या मागे जात नाही’ हे वाक्य ज्या जिल्ह्यात उच्चारले गेले त्याच जिल्ह्यात नेवासे आहे. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, समोर बसलेल्या श्रोत्यांना. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि अवधान दिले तर काय लाभेल हेही प्रतिज्ञेवर सांगतात. ज्ञानेश्वरी आणि आजची प्रेमकादंबरी यांची तुलना मी करत नाही. ती कुणी करू नये. मुद्दा एवढाच की ऐकणाऱ्याला ‘लक्ष द्या’ म्हणण्याने ग्रंथ हलका होतो असे मानायचे झाले, तर मराठीतल्या सर्वोच्च ग्रंथापाशीच थांबावे लागेल.

संगमनेरचे अनंत फंदी घ्या. लावणी रचायची, फडावर उभे राहायचे, लोकांच्या तोंडावर गायचे. अहिल्याबाईंच्या उपदेशाने त्यांनी तमाशा सोडला आणि कीर्तन धरले अशी आख्यायिका आहे, आणि प्रतिपक्ष ती माझ्याविरुद्ध वापरू शकेल. खुशाल वापरावी. फंदींनी विषय बदलला असेल. श्रोता सोडला काय? कीर्तनकारही माणसांसमोरच उभा राहतो. ज्यांच्या नावाने आज आपला जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाईंनीही, आख्यायिका खरी धरली तरी, कवीला घरात बसायला सांगितलेले नाही.

छापील कादंबरीचा इतिहास वेगळे काही सांगत नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढले, त्याचे नाव ठेवले ‘करमणूक’. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने लोकांपर्यंत गेली. विधवेच्या केशवपनाचे दुःख महाराष्ट्राने करमणुकीच्या नावाखाली, पुढच्या अंकाची वाट पाहत वाचले. आपट्यांना वाचक शोधत आला नाही. आपटे दर आठवड्याला वाचकाच्या ओसरीवर जात राहिले. फडकेही मासिके-साप्ताहिकांच्या संपादनात होते, व्याख्याने देत होते, आणि 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लोकांत वावरणे हा त्यांच्या लेखनजीवनाचा भाग होता.

आता व्यवहार पाहू. मराठी कादंबरीची आवृत्ती हजार प्रतींची असणे हा कितीतरी वर्षांचा परिपाठ. अलीकडे पाचशेचीही निघते. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. तालुके चौदा, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पंचेचाळीस लाखांवर. शहरात 1838 पासून वाचनालय आहे, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण अकोल्याच्या डोंगरात किंवा जामखेडच्या टोकाला राहणाऱ्या वाचकाने नगरच्या किंवा पुण्याच्या कपाटातले ते एक पुस्तक ‘शोधत यावे’ कसे? त्याला ते अस्तित्वात आहे हे सांगणार कोण? मोठ्या आवाजापुढे चांगले पुस्तक झाकोळते, ही प्रतिपक्षाची भीती खरी आहे. मात्र चांगल्या पुस्तकाने गप्प बसल्याने मोठा आवाज लहान होत नाही. आणि गप्प बसणे परवडते कुणाला? ज्याचे पुस्तक अभ्यासक्रमात लागते त्याला. ते पुस्तकही कुणीतरी हजारो मुलांच्या हातात नेऊन ठेवलेलेच असते. त्या पोचवण्याला प्रतिष्ठा म्हणायचे आणि एका शिक्षिकेने स्वतः बांधून आणलेल्या चाळीस प्रतींना बाजार म्हणायचे, ही दुहेरी वजने आहेत.

मग बरी प्रेमकादंबरी आणि वाईट प्रेमकादंबरी यांत फरकच नाही काय, असे मला विचारले जाईल. फरक आहे, मोठा आहे. एकाच साच्यातून काढलेल्या, उसन्या उमाळ्यांच्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण फरक ठरवायची रीत कोणती, याचा धडा आपल्याला एका न्यायालयाने दिलेला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. काकोडकर म्हणजे लोकप्रिय, भरपूर खपणारे, टीकाकारांनी कधी गंभीरपणे न घेतलेले लेखक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1969 साली ते निर्दोष सुटले. तिथे सुटे उतारे पुरेसे मानले गेले नाहीत. गोष्ट समग्र पाहून मग निकाल झाला. लेखकाचा खप, त्याची जात-जमात, त्याचा वर्ग यांवरून नाही.

आणि 1997 मध्ये नगरलाच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ना. सं. इनामदार होते, बाजीराव-मस्तानीच्या प्रेमाची ‘राऊ’ लिहिणारे. मराठी वाचकाने ती घरोघरी नेली होती. त्या मांडवात प्रेमकथेबद्दल कुणी माफी मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

तालुक्याच्या गावच्या त्या कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी मी अध्यक्षांना आदराने विचारले, “सर, कादंबरीतला कोणता भाग आपल्याला उथळ वाटला?” ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, “वाचायची राहिली हो, कालच हातात आली.” मी बाहेरच्या टेबलावरून एक प्रत विकत घेतली, लेखिकेची सही घेतली आणि त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि वाचून कळवतो म्हणाले. मी त्यांच्या पत्राची वाट पाहते आहे.