२७. ड्यूई डिफीट्स ट्रूमन

‘ड्यूईकडून ट्रूमन पराभूत’ अशा अर्थाचा हा मथळा शिकागो डेली ट्रिब्यूनच्या ३ नोव्हेंबर १९४८च्या अंकात पहिल्या पानावर होता. हॅरी ट्रूमन तेव्हा राष्ट्राध्यक्ष, तर न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई रिपब्लिकन उमेदवार. कंपोझिटरांचा संप चालू असल्याने मजकूर टाइप करून, त्याचे फोटो काढून ब्लॉक करावे लागत. त्यामुळे पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कित्येक तास आधी छपाईला गेली आणि मथळा अंदाजावर ठरला. मात्र दोष एकट्या ट्रिब्यूनला देणे अन्यायाचे होईल. जनमत चाचण्याही ड्यूईंच्याच बाजूने होत्या. प्रत्यक्षात ट्रूमन ३०३ विरुद्ध १८९ निर्वाचक मतांनी जिंकले. या मथळ्याशी जोडलेले एक छायाचित्र सेंट लुईस स्थानकातले: गाडीच्या मागच्या सज्जात उभे राहून हसतमुख ट्रूमन तोच अंक उंचावून दाखवत आहेत.