वाळू कोणी साफ करायची?

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग जाहीर केला. टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही दोघे तग धरतात. मध्येच जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने टाकीत गोगलगायी सोडल्या आणि टाकी सावरली. प्रयोग गोड्या पाण्यातला होता. पण तळाची घाण निस्तरणारा टाकीतच राहायला हवा, हा विचार त्यातून पुढे आला आणि खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरत राहिला.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि घरोघरी समुद्री टाकी ठेवण्याचे वेड पसरले. वाळूत नेमके काय घडते, हे मात्र त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी भर दिला तो पाणी खेळते ठेवण्यावर. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात त्यांनी मोठा अंधारा हौद ठेवून त्यातले पाणी टाक्यांमधून सतत फिरवले.

वाळूचे कोडे उलगडायला सुरुवात झाली ती माती आणि सांडपाण्याच्या अभ्यासातून. नायट्रेट मोडून त्याचा वायू करणारे जिवाणू १८८६ साली फ्रान्समध्ये गेयों आणि द्युपेती यांनी वेगळे केले. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास ओळखले. यांतल्या दुसऱ्या गटाला ऑक्सिजन लागतो. पहिला गट ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर श्वास घेतो. एकाच वाळूच्या वरच्या आणि खालच्या थरांत दोघांना घर मिळू शकते. मत्स्यालयवाल्यांना हे उमगायला मात्र बरीच दशके लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रेतीखाली भोकांची तबकडी घालून हवेच्या जोरावर पाणी रेतीतून खाली ओढण्याची पद्धत रूढ झाली. १९७० साली स्टीफन स्पॉट यांच्या पुस्तकाने तिला शास्त्राची बैठक दिली. अमोनियाचा प्रश्न सुटला. पण सगळ्या रेतीत ऑक्सिजन पोचत असल्याने नायट्रेट साठतच गेले, शिवाय फटीफटींत गाळ बसू लागला. नळी लावून रेती उपसत राहणे हे मालकाचे कायमचे काम झाले.

त्याच काळात जकार्तामध्ये ली चिन एंग वेगळ्या वाटेने चालले होते. समुद्रातून आणलेले ‘जिवंत दगड’ (म्हणजे जीव वस्तीला असलेले दगड), ताजे समुद्रजल आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते प्रवाळ जगवत. १९६१ साली त्यांनी ही पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली. समुद्राच्याच जिवांना कामाला लावणारा हा माणूस नंतरच्या कित्येकांच्या पुढे होता. त्याच्या वाट्याला यावे तेवढे श्रेय आलेले नाही.

वाळूला खरा मान दिला तो फ्रान्सच्या जां जोबेर यांनी. १९८० च्या दशकात मोनॅकोमध्ये त्यांनी जाड वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून प्रवाळ वाढवले; खालच्या थरात नायट्रेट मोडत होते. पुढे अमेरिकेचे प्राणिशास्त्रज्ञ रॉनल्ड शिमेक यांनी पोकळीशिवायच दहा-पंधरा सेंटिमीटर बारीक वाळूचा पुरस्कार केला. त्यांच्या मते खरे सफाई कामगार म्हणजे वाळूत बिळे करणारे किडे आणि चिमुकले कवचधारी. त्यांच्या वळवळीनेच थर जिवंत राहतो. २००५ साली रॉबर्ट टूनन आणि क्रिस्टोफर वी यांनी पोकळी असलेल्या आणि नसलेल्या टाक्यांची तुलना केली, तेव्हा पोकळीमुळे विशेष फरक पडत नसल्याचे दिसले.

वाळूतल्या या किड्यांमुळे आणि कवचधारींमुळेच वाळू चाळणारा तारामासा लहान टाकीत आणणे घातक ठरते. तो वाळूतले सगळे जीव खाऊन टाकतो आणि मग स्वतःही उपाशी मरतो. नासारियस शंखगोगलगायी त्यापेक्षा कितीतरी बऱ्या. त्या उरलेले अन्न शोधतात आणि वाळूही हलवतात.

वाळूचा थर दोन-तीन सेंटिमीटरचाच असेल तर पाणी बदलताना नळीने थोडा थोडा भाग ओढून घ्यावा, पुढच्या खेपेला दुसरा. जाड, जुना थर मात्र एकदम कधीही उपसू नये. त्याच्या तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. सडलेल्या अंड्यासारखा त्याचा वास येतो आणि तो पाण्यात मोकळा झाला तर मासे मरतात. असा थर काढायचाच असेल तर आधी मासे दुसऱ्या टाकीत हलवा.