वलणाचा शनिवार

मस्जिद बंदर स्टेशनातून बाहेर पडा आणि हातगाड्या, हमाल, पोती चुकवत सॅम्युअल स्ट्रीटवर या. इथल्या सिनेगॉगचं नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली ते उभारलं आणि १८६० मध्ये ते सध्याच्या जागी आलं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून आलेली यहुदी मंडळी, पूर्वी त्याला सरळ मशीद म्हणत. स्टेशनाचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. पायरीशी चप्पल काढायला वाका. सरळ उभ्या राहाल तेव्हा ३० जून १८६५ असेल, शुक्रवार, दिवेलागणीची वेळ, आणि पाऊस धो धो लागलेला.

‘उभ्या राहाल’ म्हटलं, कारण तुम्हाला ज्या घरी नेतो आहे तिथे एकच जागा रिकामी आहे, थोरल्या सुनेची. पुरुष वाचकांनीही आजच्यापुरता पदर घ्यावा. घर कल्पनेतलं आहे. तारखा, वार आणि बाजारातले आकडे खरे.

मांडवीतल्या चाळीचा दुसरा मजला. उद्याचं जेवणही आजच उरकायचं, म्हणून चुलीवर दोन भांडी एकदम. नारळाच्या दुधातली आमटी खाली उतरवून तुम्ही भिजलेले मनुके कुस्करता. वाईन परवडली असती तरी या घरात आशीर्वाद मनुकांच्या सरबतावरच म्हटला जातो. सासूबाई दिव्यात खोबरेल ओततात. मामंजी, म्हणजे पेन्शनीत निघालेले सुभेदार, पांढरी टोपी घालून खिडकीशी बसले आहेत. तुमचे यजमान अजून आलेले नाहीत.

ते येतात तेव्हा दिवे लागलेले असतात. छत्री असूनही नखशिखांत भिजलेत. तुमच्याकडे न बघता म्हणतात, “उद्या वलण आहे.”

वलण म्हणजे वायद्याचे सौदे चुकते करायचा दिवस. हे शब्द तुम्हाला चार वर्षांपूर्वी माहीत नव्हते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला, आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसासाठी वाटेल तो भाव मोजू लागल्या. पैसा आला तो कापसात मावेना. रोज नवी बँक, नवी कंपनी. किल्ल्याची तटबंदी पाडली जात होती आणि समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघत होत्या. बॅक बे रेक्लेमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. समुद्र होता तिथेच होता. शेट-सावकारांनी घेतले, मग डॉक्टर-वकिलांनी, मग कारकुनांनी. तुमचे यजमान कारकून. त्यांनी वायद्यावर घेतले: आज फक्त शब्द द्यायचा, पैसे मुदतीला. भाव चढला की मधला फरक खिशात. गेल्या दिवाळीत ते मामंजींना हसून म्हणाले होते, “बाबा, तुमच्या महिन्याच्या पेन्शनीइतकं मी काल दुपारी कमावलं.” मामंजी काही बोलले नव्हते. त्या दुपारचं पुढे काय झालं? तुमच्या हातात चार पाटल्या आल्या, गळ्यात पुतळ्यांची माळ आली.

मग ९ एप्रिलला अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. बातमी मुंबईत पोचायला काही आठवडे लागले, पण पोचली आणि कापूस कोसळला. मे महिन्यात एका बड्या पारशी व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं, देणं तीन कोटींच्या वर. तेव्हापासून साऱ्या शहराच्या तोंडी एकच तारीख आहे: एक जुलै. त्या दिवशी हजारो वायदे एकदम चुकते व्हायचे आहेत, आणि चुकते करायला कोणाकडेच काही नाही.

एक जुलै १८६५ ला शनिवार आहे.

पंचांग काढून पाहा हवं तर. यहुदी पंचांगाप्रमाणे तम्मुझ महिन्याची सात तारीख, शब्बाथ. मुंबईच्या इतिहासात या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या दिवशी ज्यांना पैशाला हात लावायचाच नव्हता अशी काही घरं याच शहरात होती, हे मात्र मला कुठे आढळलं नाही.

सकाळी तुम्ही मंडळींबरोबर सिनेगॉगला जाऊन येता. दुपारी जिना वाजतो. दारात दलाल, कच्छी पगडी, पायापर्यंत चिखल. यजमान आतल्या खोलीत. मामंजी उठतात.

“या, बसा. पाणी घ्या.”

“सुभेदारसाहेब, बसायला नाही आलो. आज वलण.”

“आज शनवार. आमच्याकडे आज पैशाचं बोलणं नाही, घेणं नाही, देणं नाही. चांदण्या दिसल्या की या.”

दलाल खिडकीबाहेर बघतो. आभाळ खाली उतरून गिरगावापर्यंत टेकलेलं. “साहेब, या पावसात चांदणी सप्टेंबरात दिसेल.”

आत तुम्हाला हसू फुटतं आणि त्याच क्षणी रडूही. मामंजी गंभीरपणे सांगतात की ढग असले तर थोडा वेळ जास्त थांबायचं, इतकंच. दलाल खाली जाऊन सज्ज्याखाली उभा राहतो. तीन तास तो तिथे आहे. तुम्ही वरून दोनदा बघता. हा माणूस वाईट नाही. त्याच्याही मागे कोणीतरी असाच उभा असणार.

कोकणात तुमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण आठवड्यातून एक दिवस त्यांचा घाणा फिरत नसे. गावच्या घाण्याचा तो नियम मुंबईच्या शेअरबाजाराला लागू करणारे मामंजी तुम्हाला त्या दुपारी हट्टी वाटतात. पण त्या तीन तासांत घरात एक गोष्ट घडते. यजमान बाहेर येऊन जमिनीवर बसतात आणि पैशाचं नाव न काढता, म्हणजे आकडा न सांगता, एवढंच म्हणतात, “मी चुकलो.” आकडा तोंडावर आला असता तर हे वाक्य आलं नसतं, भांडण आलं असतं.

अंधार पडल्यावर आकडा येतो. पाटल्या जातात, माळ जाते, शिसवी कपाट जातं, आणि तरी उरलेलं हप्त्याने द्यायचं ठरतं. त्याच वर्षी सरकारने दिवाळखोरांसाठी खास कायदा केला. पुष्कळांनी त्याचा आडोसा घेतला. मामंजींना तो आडोसा नको आहे. शहाणपण की सुभेदारी ताठा, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर ताठाच जास्त. मात्र कचेरीतली नोकरी अब्रूवर टिकते, हेही खरं. आणि ज्या पेन्शनीवर हसणं झालं होतं, तीच आता महिन्याच्या महिन्याला तांदूळ आणते.

पुढचे आठवडे बाजार कोसळतच राहतो. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. पण तुमच्या चिंता लहान आहेत. शेजारणीला काय सांगायचं? मटण बंद झालंय, हे वासावरून चाळभर कळतं. जुलैचे तीन आठवडे तुम्ही उगाच मसाला परतता. नुसताच. खोबरं, धणे, मिरची तव्यावर, म्हणजे वास जिन्यात जाईल.

मग २४ जुलै उजाडतो आणि आब महिना लागतो. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या सुतकाचे दिवस. या दिवसांत बेने इस्रायल घरांत मांस शिजत नाही, मंगलकार्य होत नाही. अख्खी आळी तुमच्या पंगतीला येऊन बसते! नणंदेचं लग्न का लांबलं, असं कोणी विचारत नाही. तवा उगाच तापवावा लागत नाही. तुम्ही पहिल्यांदा नीट झोपता.

आबची नववी मंगळवारी, १ ऑगस्टला येते. तुमचे लोक त्या उपासाला बिरड्याचा रोजा म्हणतात. शनिवारी रात्री भिजत घातलेले वाल फडक्यात बांधून ठेवले होते. आता बोटाच्या पेराएवढे मोड आलेत. तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि तुम्ही व सासूबाई परातीशी बसून वाल सोलता आहात. कोमट पाण्यातला दाणा चिमटीत धरायचा, अंगठ्याने जरा दाबायचा. साल चिमटीत राहतं आणि दाणा उडी मारून परातीत पडतो. शंभर दाण्यांनंतर नखांना कडवट वास येतो. दोनशेनंतर बायका बोलू लागतात.

“जमातीचे मुकादम येऊन गेले काल रात्री,” सासूबाई परातीत बघत म्हणतात.

“काय म्हणाले?”

“काय म्हणणार? तंबाखू मागितली, बसले, गेले. सतरंजीखाली पुडी ठेवून गेले.” एक दाणा परातीबाहेर उडतो, त्या तो वेचतात. “मी त्यांच्या बायकोला बाळंतपणात लुगडं दिलं होतं. तेच आलंय असं समज. बोलू नकोस यांच्याजवळ.”

पुडीत किती होतं हे तुम्ही विचारत नाही. भायखळ्याला बगदादी ससूनांनी बांधलेलं मागेन डेव्हिडचं मोठं सिनेगॉग आहे, ते लोकही यहुदीच. पण त्यांचा आणि तुमचा उंबरा वेगळा, आणि मांडवीचं मांडवीतच निस्तरतं.

संध्याकाळी उपास सुटतो तो त्याच बिरड्यावर. त्या आठवड्यात नारळी पौर्णिमा येते, दर्या खुला होतो, आणि धाकटे दीर मचव्याने अलिबागकडे निघतात. गावच्या चुलत्यांचा घाणा अजून आहे. परतीला दोन पोती भात, नारळ आणि तेलाचं मडकं. शिवाय निरोप: धाकट्याला इथेच ठेवा, घाण्यावर माणूस हवा. तो राहतो. घरातलं एक ताट कमी होतं, हे कोणी उच्चारत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एलुल लागतो. महिनाभर उपास धरण्याची तुमच्यात चाल आहे आणि त्याला तुम्ही शेजारच्या मुसलमानांसारखंच रमजान म्हणता. इतर वर्षी घरात दोघंच धरत. यंदा सगळे धरतात. “घरात नाही” हे दोन शब्द त्या वर्षी तुमच्या घरात उच्चारलेच गेले नाहीत. दर वेळी त्यांच्या जागी एखाद्या उपासाचं नाव होतं. भूक त्यामुळे कमी लागली असं मी लिहिणार नाही. लहानगी रात्री उठून रडायची.

३० सप्टेंबरला, पुन्हा शनिवारीच, दारफाळणीचा सण: पांढरे कपडे, बंद दार, दिवसभर प्रार्थना. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी गोरगरीब दारोदार येतात आणि प्रत्येक घर काही ना काही देतं. गेल्या वर्षी तुम्ही पायलीने तांदूळ दिले होते. या वर्षी दारात पहिलं माणूस उभं राहतं तेव्हा तुम्ही सासूबाईंकडे बघता. त्या डबा उघडतात, मूठ भरतात, अर्धी परत टाकतात, आणि उरलेली तुमच्या हातात देतात.

“तू दे.”

ओंजळ पुढे करणारी बाई तुमच्याच चाळीतली आहे, तिसऱ्या मजल्यावरची. तिच्या यजमानांनीही वायद्यावर घेतले होते. ती पदर पुढे ओढते. तुम्ही नाव घेत नाही.

१८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं होती. १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५. तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. तुमचं घर मांडवीतच राहिलं.